सात वेळा ‘इनोव्हेटिव्ह’

एप्रिलच्या शेवटी, रातांबे म्हणजे कोकमाची फळं लाल व्हायला लागतात त्या सुमारास, माझी एक जुनी विद्यार्थिनी भर दुपारी स्कूटीवरून दारात हजर झाली. पिशवीत आगळाची, म्हणजे खारवलेल्या कोकम रसाची, बाटली होती आणि एका अर्जाची प्रिंट. बाटली माझ्यासाठी होती, आणि अर्जही माझ्यासाठीच. कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या बाईकडे आमच्या कुडाळ तालुक्यात माणसं दोन कामांसाठी येतात: मुलांचा निबंध आणि मोठ्यांचा अर्ज. निबंध मी आता घेत नाही.

अर्ज एका स्पर्धेचा होता. गावाकडच्या छोट्या उद्योगांना थोडं भांडवल द्यायचं, शहरातल्या खरेदीदारांशी गाठ घालून द्यायची, अशी ती स्पर्धा. आयोजक लांबचे, त्यामुळे सगळा कारभार इंग्रजीत. तेरा रकाने तिने स्वतःच भरले होते आणि नीट भरले होते. गाडी अडली चौदाव्यावर: तुमच्या कामात ‘इनोव्हेटिव्ह’ काय आहे ते १५० शब्दांत लिहा.

तिने लिहिलंही होतं. त्यात ‘इनोव्हेटिव्ह’ सात वेळा आलं होतं. सासूची आमसुलांची कृती इनोव्हेटिव्ह, वाळवणाची ताटं इनोव्हेटिव्ह, नवं मसाला आगळ इनोव्हेटिव्ह, लेबल इनोव्हेटिव्ह, ताटं बनवणारा दीर इनोव्हेटिव्ह, लेबल काढणारी मुलगी इनोव्हेटिव्ह, आणि बचतगट तर इनोव्हेटिव्ह होताच.

“बाई, तोच तोच शब्द येतोय म्हणून मी मोबाईलवर दुसरे शोधले,” असं म्हणत तिने दुसरा कागद पुढे केला. वाक्यं तीच, फक्त प्रत्येक जागी वेगळं विशेषण. कृती ओरिजिनल, ताटं इंजेन्युअस, आगळ नॉव्हेल, लेबल क्रिएटिव्ह, दीर इन्व्हेंटिव्ह, मुलगी इमॅजिनेटिव्ह, गट पायोनियरिंग. “आता बरं वाटतंय ना?”

कानाला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोला. पण पहिल्या मसुद्यात नुसता कंटाळा होता, दुसऱ्यात सात वेगवेगळे दावे होते. त्यातले काही खरे, काही खोटे, आणि एक-दोन चक्क अंगाशी येणारे. तिला ते ठाऊकही नव्हतं. समानार्थी म्हणून जे शब्द एका रांगेत दाखवले जातात ते एकमेकांच्या जागी बसतात असं आपण धरून चालतो. आमच्याकडे बांगडा, सौंदाळा आणि पेडवे हे सगळे मासेच, पण पेडव्यांच्या ऑर्डरीत कोणी सौंदाळा टाकत नाही.

मी म्हटलं, अर्ज इथेच ठेव. उद्या सकाळी तुझ्या घरी येते. आधी मला सगळं बघू दे.

खळ्यात काय दिसलं

कोकम कसं होतं हे इथल्या वाचकाला सांगायला नको, पण घाटावरच्या मंडळींसाठी थोडक्यात. रातांबा फोडून बी आणि गर बाजूला काढायचा. सालं उन्हात टाकायची. मग मीठ घातलेल्या त्याच्याच रसात ती बुडवायची, पुन्हा वाळवायची, पुन्हा बुडवायची. याला पुटं देणं म्हणतात. पुटं जितकी जास्त, तितकं आमसूल काळं, मऊ आणि कसदार. हा सगळा खटाटोप एप्रिल-मे महिन्यांतला, म्हणजे नेमका वळवाच्या तोंडावरचा. अर्धवट वाळलेल्या सालांवर पावसाची एक सर आली की बुरशी धरलीच म्हणून समजा. त्यामुळे मे महिन्यात खळ्यात, म्हणजे अंगणात, वाळवण असलेल्या घराचं अर्धं लक्ष कायम आभाळाकडे असतं. ढग आले की ताटं उचलायला घरातली म्हातारी-कोतारी, पाहुणी, पोरं, सगळी धावतात.

या घरी धावावं लागत नव्हतं. दिराचं वेल्डिंगचं काम आहे. त्याने लोखंडी अँगलचा एक सांगाडा करून त्यात जाळीची पाच ताटं एकाखाली एक बसवली होती. ताटं सरकत्या गेटाच्या चॅनेलमध्ये बेअरिंगवर धावतात. सांगाडा पडवीत, ताटं बाहेर ओढली की खळ्यातल्या उन्हात. आभाळ आलं की एका माणसाने टेबलाचे खण ढकलावेत तशी आत ढकलायची. मी स्वतः ढकलून पाहिली. माझ्या गुडघ्यांनाही काही कळलं नाही.

सासूबाई पडवीत रातांबे फोडत बसल्या होत्या. मी अर्जाचं सांगितलं तर हात न थांबवता म्हणाल्या, “बाईनू, ह्येच्यात नवीन काय नाय हां. माझी आवस अशीच करी आमसुलां.” आवस म्हणजे आई.

दिराचं म्हणणं त्याहून लहान: “मियां खयचो शोध लावलंय? गेटाचो चॅनेल तो, आडवो घातलंय.” मग जरा थांबून त्याने स्वतःच तुलना काढली. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने नूतन झेला काढला, त्याला शोध म्हणायचं. आंबा देठासकट कापला जातो, चीक फळावर सांडत नाही. आपलं काय, भंगारातलं.

दोघांनीही नकळत माझं निम्मं काम केलं होतं. सासूला आपल्या कामात नवेपणा नको होता, दिराला शोधाचं श्रेय नको होतं. सुनेच्या अर्जाने मात्र दोघांवर ते लादलं होतं. विशेषण म्हणजे एका अर्थी फेरफाराची नोंद असते. कुठल्या गुणाचं श्रेय कोणाच्या नावावर चढतंय हे न बघता सही केली की पुढे निस्तरावं लागतं.

म्हणून मी तिला एक साधी अट घातली. इंग्रजी कागद उलटा ठेव. सातही गोष्टी एकेक करून मला मालवणीत सांग. कौतुक करू नकोस, काय झालं तेवढंच सांग. विशेषण मग बघू.

‘ओरिजिनल’चा घोळ

सगळ्यात जास्त वेळ या एका शब्दात गेला. मराठीत आपण तो रोज वापरतो, आणि अडचण तिथेच आहे. तहसील कार्यालयात ‘ओरिजिनल आणि झेरॉक्स’ दोन्ही न्यावे लागतात. मे महिन्यात महामार्गावर ‘ओरिजिनल देवगड हापूस’च्या पाट्या लागतात, म्हणजे बाहेरचा आंबा हापूसच्या पेटीत भरलेला नाही, अशी ग्वाही. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं ते याच भांडणापायी. आपला ओरिजिनल म्हणजे अस्सल. त्याच्या विरुद्ध शब्द डुप्लिकेट.

इंग्रजीत या शब्दाला दोन तोंडं आहेत आणि ती एकमेकांकडे पाठ करून उभी आहेत. एक अर्थ मूळचा, पहिला, जुना. दुसरा अर्थ कोणाची नक्कल नसलेला, स्वतःच्या डोक्यातून आलेला, म्हणजे नवा. मूळ लॅटिन शब्द उगवण्याचा, उगमाचा. नदी जिथून निघते ती जागा जुनी असते आणि तिथलं पाणी नवं, असं काहीसं.

मग वाचणाऱ्याला कळतं कसं? बहुतेक वेळा बिचाऱ्या आर्टिकलवरून. ‘द ओरिजिनल रेसिपी’ म्हटलं की आजीच्या काळची, न बदललेली कृती. ‘ॲन ओरिजिनल रेसिपी’ म्हटलं की मी स्वतः शोधून काढलेली, आधी कुठे नसलेली. अक्षरं तीच, फक्त पुढचा टिकलीएवढा शब्द बदलला आणि कृती आजीकडून नातसुनेकडे गेली. आणखी एक खूण: हे विशेषण नामाच्या पुढे न येता वाक्याच्या शेवटी आलं, ‘हर रेसिपी इज ओरिजिनल’ असं, तर जुनेपणाचा अर्थ गळूनच पडतो. उरतो फक्त नवेपणाचा. ‘व्हेरी’ लावलं तरी तेच. पहिलेपणाला कमी-जास्त नसतं, म्हणून ‘व्हेरी ओरिजिनल’ म्हणजे नवाच.

माझ्या विद्यार्थिनीने लिहिलं होतं: सासूची कृती ‘व्हेरी ओरिजिनल’ आहे. तिच्या मनात होतं अस्सल, पिढीजात. वाचणाऱ्याला कळलं असतं, सासूने काहीतरी अपूर्व शोधून काढलंय. आणि खुद्द सासू पडवीत बसून सांगतेय, नवीन काय नाय हां.

आपण इंग्रजीला हसायचं कारण नाही. आपल्या ‘मौलिक’चंही हेच झालंय. मूळ या शब्दापासून आलेला तो, अर्थ मुळातला, स्वतंत्र. पण सभेत कोणी ‘मौलिक मार्गदर्शन’ केलं असं म्हणतात तेव्हा मोलाचं मार्गदर्शन असा अर्थ असतो. बहुतेकदा त्यात स्वतंत्र असं काही नसतंच, हा भाग निराळा.

निर्णय: ‘द ओरिजिनल’, आर्टिकलसकट, आणि पुढे ‘अनचेंज्ड’ हा साधा शब्द, म्हणजे शंका राहायला नको.

‘नॉव्हेल’ आणि कायद्याचं वारं

मसाला आगळ म्हणजे मीठ घातलेल्या कोकम रसात मिरची, लसूण, जिरं आधीच वाटून घातलेलं. नारळाचं दूध ओतलं की सोलकढी तयार. मालवणीत तिने सांगितलं ते एवढंच. मी विचारलं, असं बाजारात आणखी कोणी विकतं का? “विकतात की, बाई.”

इथे ‘नॉव्हेल’ नुसता जड नव्हता, धोक्याचा होता. या शब्दात कौतुक फार थोडं असतं. तो कोरड्या डोळ्यांनी सांगतो की हे आधी नव्हतं. २०२० मध्ये आलेल्या विषाणूला इंग्रजी वर्तमानपत्रं ‘नॉव्हेल कोरोनाव्हायरस’ म्हणत होती, ती काही त्याची पाठ थोपटायला नव्हे. शास्त्रीय निबंधांत ‘नॉव्हेल’ पद्धत असते, तिथे तो शोभतो, कारण आधी काय होतं त्याचा आढावा लेखकाने दिलेला असतो.

खाण्याच्या पदार्थाला हे विशेषण लावलं की मामला वेगळाच होतो. युरोपीय संघाच्या नियमांत ‘नॉव्हेल फूड’ हा कायदेशीर वर्ग आहे. १५ मे १९९७ च्या आधी तिथे लक्षणीय प्रमाणात खाल्ला जात नव्हता असा पदार्थ. तो विकायचा तर आधी मंजुरी लागते. आपल्याकडच्या २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम २२ मध्येही नॉव्हेल फूड वेगळं काढलेलं आहे. स्पर्धेतून बाहेरच्या खरेदीदारांशी ओळख होणार, आणि आपणच पहिल्या कागदावर लिहून द्यायचं की आमचं आगळ नॉव्हेल आहे! कोकणात शतकानुशतकं सोलकढी पितात, आणि अर्जावरून वाटावं की कालच प्रयोगशाळेतून आली.

निर्णय: ‘न्यू’. साधं, तीन अक्षरी, आणि खरं. गटासाठी ते नवं होतं, जगासाठी नव्हे, म्हणून ‘आमचं नवं उत्पादन’ एवढंच. ‘फ्रेश’ हाही एक शब्द तिच्या यादीत होता. वाळवलेल्या आमसुलांच्या आणि खारवलेल्या रसाच्या अर्जात ‘फ्रेश’ घालायचा मोह मी हसूनच परतवला. कल्पनेला लावला तर तो गोड शब्द आहे, पण खाद्यपदार्थाजवळ तो ताजेपणाच सांगणार.

दिराच्या नावापुढचं ‘इन्व्हेंटिव्ह’ही असंच कायद्याच्या कुंपणाला टेकलेलं. रोजच्या इंग्रजीत ते निरुपद्रवी आहे, सतत नव्या युक्त्या सुचणाऱ्या माणसाला म्हणतात. पण १९७० च्या पेटंट कायद्यात ‘इन्व्हेंटिव्ह स्टेप’ ही पेटंट मिळण्याची अट आहे: वस्तू नवी हवी, उद्योगात वापरता यावी, आणि त्या धंद्यातल्या जाणकाराला सहज सुचली नसती अशी पायरी तिच्यात हवी. परीक्षकांत कोणी पेटंटवाला असता तर त्याने पहिला प्रश्न तोच विचारला असता, आणि ‘गेटाचो चॅनेल तो’ हे उत्तर फार लांब गेलं नसतं.

त्याच कायद्याच्या कलम ३ मधलं पी हे पोटकलम सांगतं की पारंपरिक ज्ञान हा शोध नव्हे. हळदीचं प्रकरण बहुतेकांना आठवत असेल. १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीने जखम भरण्यावर पेटंट मिळालं. मूळचे गोव्यातल्या माशेलचे रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे, म्हणजे केंद्राच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेचे, प्रमुख. संस्थेने आव्हान दिलं, जुने ग्रंथ आणि लेख पुढे ठेवले, आणि १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. हळद गुणकारी आहे की नाही हा तिथे वादच नव्हता. वाद नवं आणि जुनं यातला होता. आपल्या आज्यांचं ज्ञान वाचलं ते ‘नॉव्हेल नाही’ या शब्दांवर. मग आपणच आज्यांच्या कृतीला नवी म्हणून का मिरवायचं? हे मी तिला जरा आवाज चढवूनच सांगितलं. सासू मान हलवत होत्या. पेटंटाशी त्यांना देणंघेणं नव्हतं, पण सूर पटला असावा.

एका अक्षराने भोळी झालेली ताटं

ताटांना काय म्हणायचं? मालवणीत तिने सांगितलं, “भावजीन शक्कल काढली.” झालं, शब्द सापडला. शक्कल लढवणं यात हाताशी आहे त्यातून सुटका काढण्याचा हुशार चटपटीतपणा असतो. पैसा कमी, डोकं जास्त. इंग्रजीत याला नेमका शब्द आहे: इंजीनियस. लॅटिनमध्ये याचं मूळ उपजत बुद्धी, आणि गंमत म्हणजे ‘इंजिन’ हा शब्दही त्याच मुळाचा. मालवणच्या होडीच्या मागे फटफटणारं यंत्र आणि दिराच्या डोक्यातली शक्कल एकाच घराण्यातली.

पण तिच्या कागदावर होतं ‘इंजेन्युअस’. मधलं एक अक्षर बदललं, मोबाईलने दुरुस्ती म्हणून केलं की तिच्या बोटाने, देव जाणे. इंजेन्युअस म्हणजे निष्कपट, भोळाभाबडा. आमसुलांची ताटं भोळीभाबडी आहेत असा अर्थ होत होता. इंग्रजांचाही या जोडीत घोळ झालेला आहे. ‘इंजेन्युइटी’ हे नाम रूपाने भोळ्या शब्दाचं, पण आज अर्थ देतं हुशारीचा. त्यामुळे तिला फार बोलावं असं मला वाटलं नाही. फक्त सांगितलं, हा शब्द लिहिलास की दोनदा वाच.

मग मी विचारलं, शक्कल ताटांची की दिराची? ‘इंजीनियस’ वस्तूलाही लागतं, माणसालाही. ती म्हणाली, भावजींना अर्जात नाव नकोय, ते म्हणतात गिऱ्हाइकं चेष्टा करतील. मग प्रश्नच मिटला. विशेषण ताटांना लावलं, आणि ती घरातल्या वेल्डरने भंगारातून केली हे पुढच्या अर्ध्या वाक्यात. दिराला एकही विशेषण नाही. मला विचाराल तर सगळ्यात मोठं कौतुक त्याच अर्ध्या वाक्यात आहे.

नववीतली मुलगी आणि ‘क्रिएटिव्ह’

लेबलवर मुलीने एक दृश्य काढलं होतं. एका बाजूला ढग, त्यांना माणसासारखे मोठे डोळे. मधे ताट ढकलणाऱ्या तीन बायका. दुसऱ्या कडेला तोंड उघडं असलेली म्हातारी. मी विचारलं ही कोण, तर म्हणते, “आज्जी ओरडता ती.” चेहरे बाजूने दिसणारे, डोळे मोठाले, रेघ ठसठशीत: सगळी पिंगुळीच्या चित्रकथीची धाटणी. शाळेची सहल तिथे गेली होती. पिंगुळी इथून हाकेच्या अंतरावर, चित्रं दाखवत कथा सांगण्याची ही ठाकर समाजाने जपलेली कला, आणि तिथले कलावंत परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाल्यापासून मुलांनाही तिचं अप्रूप वाटू लागलंय.

‘क्रिएटिव्ह’ मी काढला. तो चुकीचा नव्हता, झिजला होता. कुडाळच्या बॅनरवाल्याकडे जा, तो विचारतो, “वाढदिवसाचं क्रिएटिव्ह बनवायचंय का?” तिथे क्रिएटिव्ह हे नाम झालंय, त्याचा अर्थ फोटो आणि फुलं टाकलेली जाहिरात. इंग्रजीतही ‘क्रिएटिव्ह अकाउंटिंग’ म्हणजे हिशोबातली चलाखी. मूळ अर्थ निर्मितीचा, पण चित्र काढलं म्हणजे निर्मिती झालीच, त्यात वेगळं काय सांगितलं?

मुलीबद्दल आई म्हणाली, “तिच्या मनात काय काय येता.” ढगांना डोळे असतात हे मनात येणं म्हणजे कल्पकता. कल्पना आणि कल्पक यांचं जे नातं, तेच ‘इमॅजिन’ आणि ‘इमॅजिनेटिव्ह’चं. दुसऱ्या मसुद्यातला हा एकच शब्द जिथल्या तिथे बरोबर बसला होता.

चित्राला मात्र मी ‘ओरिजिनल’ दिलं, या खेपेला दुसऱ्या तोंडाने. ‘ॲन ओरिजिनल ड्रॉइंग’. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात हाच शब्द आहे, आणि तिथे त्याचा अर्थ जगात पहिलं असा नाही. कोणाची नक्कल न करता स्वतः केलेलं, असा आहे. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक या खटल्यात डिसेंबर २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नुसती मेहनत पुरत नाही, थोडी तरी स्वतःची बुद्धी त्यात दिसायला हवी. ओरडणारी आजी त्या कसोटीला नक्की उतरते. धाटणी मात्र तिची नाही, म्हणून ‘पिंगुळीच्या चित्रकथीवरून स्फुरलेलं’ हे शब्द घातलेच पाहिजेत असा मी हट्ट धरला. रेघ कोणाची आणि चित्र कोणाचं, हे दोन वेगळे सातबारे.

मग इनोव्हेटिव्ह काय?

शेवटी मूळ प्रश्न. अर्ज विचारतोय इनोव्हेटिव्ह काय, आणि आम्ही तो शब्द सहा जागांवरून पुसला होता. ती थोडी घाबरली. “बाई, मग आपल्याकडे काहीच नाही की काय?”

या शब्दाचा इतिहास मजेदार आहे. आज तो प्रत्येक कंपनीच्या भिंतीवर असतो, पण सोळाव्या शतकात ‘इनोव्हेट’ करणं हा जवळजवळ गुन्हा होता. इंग्लंडच्या सहाव्या एडवर्डच्या नावाने १५४८ मध्ये जाहीरनामा निघाला, तो धर्मविधींत आपल्या मनाने बदल करणाऱ्यांना दम देणारा. राजा तेव्हा दहा वर्षांचा. लॅटिन मूळ पाहिलं तरी अर्थ शून्यातून काही करण्याचा नाहीच, चालू असलेल्या गोष्टीत नवं आणण्याचा आहे. म्हणजे आधी एक रीत हवी, ती मोडायला हवी, आणि माणसं नव्या रीतीने वागू लागायला हवीत. कपाटात पडलेली शक्कल इंजीनियस असेल, इनोव्हेटिव्ह नाही. मराठीत ‘नावीन्यपूर्ण’ हा सरकारी शिक्का आहे, तोही निम्म्या फलकांवर ऱ्हस्व वि काढून. मला जवळचा वाटतो तो ‘नवा पायंडा’.

म्हणून विचारलं: तुमच्या वाडीत पायंडा काय बदलला?

ती लगेच बोलली नाही. सासूच बोलल्या. “आदी सगळे रातांबे तसेच व्यापाऱ्याक घालीत. आता कोण घालीत नाय.”

मग सुनेच्या तोंडून एकेक बाहेर आलं. ताटांचा सांगाडा आता पाच घरांत आहे. वळवाची भीती गेली म्हणून बायका कच्चं फळ पडेल त्या भावाला देत नाहीत, स्वतः वाळवतात. पाचही घरांचं आमसूल एका ठिकाणी येतं, पुटं मोजून प्रत लावली जाते, पैसे प्रतीनुसार. बिया पूर्वी उकिरड्यावर जायच्या, त्या आता एकत्र करून मुठेलासाठी, म्हणजे कोकमाच्या घट्ट तेलासाठी, देतात. यातलं एक अक्षरही अर्जात नव्हतं! सात ठिकाणी इनोव्हेटिव्ह लिहिलं होतं आणि जिथे लिहायला हवं तो विषयच राहून गेला होता. मला वाटतं ती सात विशेषणंच त्याला कारण. कौतुकाचा शब्द हाताशी असला की काय घडलं ते सांगायची गरज वाटत नाही.

‘पायोनियरिंग’ मी काही न विचारता खोडला. मूळ फ्रेंच शब्द सैन्याच्या पुढे जाऊन वाट खणणाऱ्या पायदळाचा. आमसुलांच्या धंद्यात वाट खणणारे यांच्या आधी कितीतरी होऊन गेले. ‘युनिक’ही तसाच गेला. जगात एकच असल्याचा दावा करायचा तर जग बघून आलेलं बरं.

शेवटचा मजकूर १३२ शब्दांत बसला. ‘इनोव्हेटिव्ह’ एकदाच, पाच घरांच्या व्यवस्थेला, आणि त्याच्या पुढेमागे चार वाक्यं निव्वळ हकिकतीची. ताटं इंजीनियस. आमसुलांची कृती ‘द ओरिजिनल’, न बदललेली. आगळ नवं. मुलगी इमॅजिनेटिव्ह, चित्र ‘ॲन ओरिजिनल’. सासूच्या बोटांना आमसूल बरोबर वाळलंय हे कळतं त्यासाठी शब्द शोधत आम्ही पंधरा मिनिटं घालवली आणि यादीतला एकही घेतला नाही. ‘ती हात लावून सांगते’ असं लिहिलं.

पुढे

अर्ज पहिल्या चाळणीतून पार झाला. व्हिडिओ कॉलवर परीक्षकांनी जवळजवळ सगळा वेळ पाच घरांच्या हिशोबावर घेतला. प्रत कोण ठरवतं, भांडण झालं तर काय, बियांचे पैसे कसे वाटता. तिला सगळी उत्तरं येत होती, कारण ती रोजची होती. एकाने विचारलं, कृती ‘द ओरिजिनल’ म्हणता, मग नवं काय? तिने सांगितलं, कृतीत काहीच नवं नाही, नवं तिच्या भोवती आहे. हे वाक्य तिचं स्वतःचं, मी शिकवलेलं नव्हे. अंतिम यादीत नाव आलं नाही. मुंबईच्या एका दुकानदाराने मात्र नमुना मागवला, आणि लेबलवर इंग्रजी मजकूर हवा म्हणून कळवलं.

मजकूर मीच दिला, आर्टिकलसकट. छपाई झाल्यावर ती दाखवायला आली. डोळेवाले ढग छान उठले होते, ओरडणारी आजी तर फारच. खाली ठळक अक्षरांत दोनच शब्द: ‘ओरिजिनल रेसिपी’. ‘द’ कुठे गेला विचारलं तर म्हणाली, छापणाऱ्याने काढला. ओळ मधोमध बसत नव्हती.

पाचशे लेबलं आहेत. पुढच्या हंगामापर्यंत तीच चालतील.